गोदामासारखं दार

माझी वहिनी विनया साताऱ्याकडची, कोरेगाव तालुक्यातली. लग्न होऊन ती वसईकडे, नंदाखालला आमच्या घरी आली, तेव्हा पहिल्या दुपारी मी तिला वाडी दाखवायला घेऊन गेले. घरामागे आमचं बावखल आहे, गोड्या पाण्याचं जुनं तळं. आमची केळी, नारळ, मोगरा सगळं त्याच्यावरच उभं आहे. वहिनी पायरीवर बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही. मग मला विचारलं, "हे पाणी आपलं?" मी हो म्हटलं. तर म्हणाली, "सगळं?"

माझा दादा चंद्रहास झाडांचा माणूस. मातीत हात घालून दिवसभर बसेल, पण रस्त्यावरच्या गर्दीला घाबरतो. त्यामुळे वाडीचा माल विरारला पोचवायला टेम्पो घेतला तेव्हा तो चालवायचा कुणी, हा प्रश्नच होता. वहिनीने आगाशीच्या मैदानात शिकून घेतलं आणि थोड्याच दिवसांत केळीचे लोंगर आणि फुलांच्या करंड्या घेऊन ती पहाटे एकटी निघायला लागली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, एक हात खिडकीबाहेर. नाक्यावरचे रिक्षावाले तिला वाट करून द्यायचे. आमची आई, मंदा, पहिल्यांदा कुरकुरली. नंतर तीच शेजारणींना सांगायची की आमची सून गाडी हाकते.

मग एका श्रावणात पंपाच्या नळीत पाला अडकला म्हणून वहिनी बावखलात उतरली. शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला आणि ती पाठीवर पडली. मणक्याला मार बसला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाले. हात पूर्वीसारखे झाले, पायांत मात्र जोर आला नाही. ती चाकाच्या खुर्चीतून घरी आली आणि त्या दिवसापासून आमच्या घराचं पुढचं दार आम्हाला नव्याने दिसायला लागलं.

तोपर्यंत ते नुसतं दार होतं. आजोबांच्या वेळचं, दोन फळ्यांचं, पितळेच्या कड्यांचं. दोन्ही फळ्या उघडल्या तर खुर्ची जेमतेम जायची, तीही चाकावरचे हात आत घेतले तरच. खाली उंबरा चांगला वीतभर उंच. त्यापुढे ओटा आणि ओट्याच्या पायऱ्या. वहिनीला बाहेर न्यायचं म्हणजे दादाने तिच्या काखेत हात घालायचे, दुसऱ्या कुणीतरी पाय धरायचे, तिला ओट्यावर बसवायचं, मग खुर्ची बाहेर काढायची. ती तक्रार करायची नाही. हळूहळू बाहेर जायची कारणंच कमी झाली. आधी लग्नं सुटली, मग हळदीकुंकू, मग दुसऱ्यांकडचे गणपती. शेवटी तर डॉक्टरांनाही फोनवरच विचारू म्हणायला लागली. घरात ती सगळं करायची, स्वयंपाक, फुलांच्या ऑर्डरी, फोनवरचा हिशेब, आईची औषधं. पण गेली काही वर्षं तिचं जग म्हणजे ओटीपासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंतचं.

गेल्या दिवाळीनंतर दाराच्या चौकटीला वाळवी लागल्याचं लक्षात आलं. आमच्या गावातला सुतार जेन्सन बघायला आला. त्याने चौकटीवर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. दुरुस्ती होण्यासारखं काही उरलं नव्हतं. चौकटीसकट नवीन दार बसवायचं ठरलं आणि घरात चर्चा सुरू झाली.

दादाला सागवानी दार हवं होतं, वर गणपती कोरलेला. आईला पुन्हा दोन फळ्याच हव्या होत्या आणि जुन्या कड्या त्यावर बसवायच्या होत्या. पुण्याला नोकरी करणारी दादा-वहिनीची मुलगी ज्ञानदा रोज फोनवर नवीन चित्रं पाठवायची, बोट लावलं की उघडणारी लोखंडी दारं. मी आगाशीला राहते, पण माझंही मत मी दिलंच. वहिनीला कुणी विचारलं नाही. मुद्दाम नव्हे, आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

कामणला वसई-भिवंडी रस्त्यावर गोदामांच्या रांगा आहेत. तिथे एका घाऊक व्यापाऱ्याकडे तयार दारांचा मोठा साठा आहे असं जेन्सनने सांगितलं. एका रविवारी दादा आणि मी निघालो. दादाने गाडीची किल्ली हातात घेतली तेवढ्यात आतून वहिनी म्हणाली, "मी पण येते."

दादाच्या तोंडून "अगं, तिथे..." एवढंच निघालं. ती तोपर्यंत खुर्ची घेऊन उंबऱ्यापाशी येऊन थांबली होती. आम्ही तिला उचललं.

गोदामाशी पोचल्यावर मी सवयीने पायऱ्या शोधल्या. पायऱ्या नव्हत्याच. जमिनीपासून गोदामाच्या फरशीपर्यंत रुंद, खरखरीत सिमेंटचा उतार होता, हातगाड्या वर चढवण्यासाठी केलेला. वहिनीने तो पाहिला, "हात लावू नका" असं दादाला सांगितलं आणि स्वतः चाकं फिरवत वर गेली. वर पोचल्यावर मागे वळून त्या उताराकडे बघत राहिली. म्हणाली, "मालासाठी केलंय बघा किती छान." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तिला खरंच छान वाटलं होतं.

आत दारं भिंतीला टेकून उभी होती, जंगलासारखी. सागवानी, लोखंडी, प्लास्टिकची, काचेची पट्टी असलेली, वेलबुट्टी कोरलेली. तिथला व्यवस्थापक मोठा हौशी माणूस. तो दादाला लाकडाचे थर दाखवत होता, कुलपं फिरवून दाखवत होता. काही दारं चौकटीत बसवलेली होती, उघडून बघण्यासाठी. वहिनी त्यातल्या एकेका दारापाशी जायची आणि उघडायचा प्रयत्न करायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आत उघडणारं दार बसलेल्या माणसाच्या अंगावर येतं. ते ओढायचं तर खुर्ची मागे न्यावी लागते आणि खुर्ची मागे न्यायची तर दोन्ही हात चाकांवर लागतात. मग दार ओढायचं कशाने? तिने दोन-तीन दारांशी झटापट केली आणि हात मांडीवर ठेवून बसली. दादाने एक सागवानी दार जवळजवळ नक्की केलं होतं.

तेवढ्यात बाहेर मोठा ट्रक वळला आणि धुळीचा लोट आत आला. राखणदार उठला, पायात सपाता घातलेला किडकिडीत म्हातारा. तो गोदामाच्या मुख्य दरवाजाशी गेला. आम्ही आत आलो तेव्हा तो दरवाजा एका बाजूला होता, म्हणून मला ती भिंतच वाटली होती. दोन मजली घराच्या तोंडाएवढा पत्र्याचा आणि लोखंडाचा दरवाजा. म्हाताऱ्याने त्यावर एक हात ठेवला आणि चालायला लागला. दरवाजा त्याच्याबरोबर चालायला लागला. फारसा आवाजही नाही, वरून नुसती घरघर. ट्रकच्या ट्रक गिळेल एवढं ते तोंड त्या माणसाने बोलता बोलता मिटवून टाकलं आणि आत अंधार झाला.

वहिनी तिकडे गेली. तिने मान मागे टाकून वर पाहिलं. दरवाजा खाली टेकलेलाच नव्हता. वर भिंतीला लोखंडी रूळ होता आणि सगळं ओझं त्यावरच्या चाकांना लटकलेलं होतं.

"मी ढकलून बघू?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने व्यवस्थापकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "धक्का दो ना, ताई. हलका है."

तिने दरवाजाच्या मुठीला उजवा हात लावला, डावा खुर्चीच्या चाकावर. क्षणभर काहीच झालं नाही. मग कडेला उजेडाची एक रेघ उमटली. रेघेची फट झाली, फटीतून ऊन आलं, आधी तिच्या गुडघ्यावर, मग छातीवर, मग सगळ्या तोंडावर, आणि तो एवढा मोठा दरवाजा तिच्या एका हाताखाली मागे मागे सरकत गेला. बाहेरचा रस्ता, कंटेनर, तुंगारेश्वरचा डोंगर, सगळं एकामागून एक आत येत गेलं. शेवटपर्यंत उघडून झाल्यावर ती थांबली. स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. मग तिने तो बंद केला. आणि पुन्हा उघडला.

पेट्या वाहणारे हमाल थांबले होते. मी लहानपणापासून वाडीत उधाणाचं वारं पाहिलंय, वीज पडून फाटलेला माड पाहिलाय, पण अंगावर काटा यावा असं मी त्या दिवशीच पाहिलं. जिला आम्ही दोघं मिळून उंबऱ्यावरून उचलत होतो, तिने डोंगर सरकवल्यासारखं काहीतरी केलं होतं, आणि तिला साधा दमही लागला नव्हता.

दादाने सागवानी दाराचं नंतर कळवतो म्हणून सांगितलं. आम्ही परत निघालो. कामणचा फाटा मागे पडल्यावर वहिनी म्हणाली, "मला तसलं दार पाहिजे."

घरी आल्यावर दादाने सगळ्या अडचणी सांगितल्या. घराला गोदामाचं दार कसं शोभेल? चोर आला तर? पावसाचं पाणी आत येणार नाही का? शिवाय सरकणाऱ्या दारासाठी भिंत मोठी फोडावी लागेल. त्याच्या अडचणी खऱ्या होत्या. वहिनी एकेकीवर बोलत गेली. दार लाकडाचंच करायचं, फक्त लटकतं. आकडा अडकवून आतून कुलूप बसतं. पाण्यासाठी दाराबाहेर जाळीची पन्हळ करायची. एवढं सगळं तिने वाटेत गाडीतच ठरवून टाकलं होतं. एका गोष्टीबद्दल मात्र ती बोलली नाही आणि दादाही बोलला नाही. उंबऱ्याबद्दल.

आई त्या घरात नवरी म्हणून आली ती तो उंबरा ओलांडून. तेव्हापासून रोज सकाळी तिने त्याला हळदकुंकू वाहिलंय. बाळंतपणं सोडली तर खंड नाही. आता ती वाकून चालते, तरी पाट घेऊन बसते आणि उंबऱ्यावर बोटाने रांगोळीची रेघ ओढते. कुणी न उचलता खुर्ची बाहेर जायची तर तो उंबरा राहणं शक्य नव्हतं, आणि हे आईला सांगायचं काम माझ्यावर आलं.

मी दोन दिवस विषय काढायला धजले नाही. तिसऱ्या दिवशी आई अंगणात फुलं निवडत बसली होती, तिथे जाऊन बसले आणि जेन्सन काय म्हणतो, पाणी कुठून जाईल, असलं काहीबाही बोलत राहिले. आईने निवडता निवडता ऐकलं. मग म्हणाली, "उंबरा काढायचाय, हेच ना?"

मी मान हलवली.

"तिला उचलतात तेव्हा ती तोंड भिंतीकडे करते," आई म्हणाली. "माझ्याकडे बघत नाही. मी रोज तिथेच बसलेली असते, मला दिसतं. काढून टाका तो."

"आणि हळदकुंकू?"

"मी बघेन माझं," ती म्हणाली आणि देठं झटकून उठली.

जेन्सनने आजवर बिजागऱ्यांचीच दारं केली होती. सुरुवातीला त्याला हे पटलंच नाही. मग कामणला जाऊन तो त्या दरवाजाखाली चक्क आडवा झाला, वर चढून चाकं पाहिली, आणि आला तो उत्साहानेच. फळ्या उभ्या ठेवू म्हणाला, रूळ लाकडी पट्टीने झाकू. बाहेर कोण आलंय ते बघण्याचं भोक कुठे पाडायचं हे त्याने विचारलं, तेव्हा वहिनीने खुर्चीत बसूनच भिंतीवर खडूने खूण केली. आई तिथून जात होती. तिने खुणेला डोळा लावून पाहिला. वाकलेल्या आईच्याही ते बरोबर उंचीचं होतं. जन्मात पहिल्यांदा मला दाराच्या भोकातून बघता येणार, असं ती म्हणाली.

भिंत फोडली त्या दिवशी आईने उंबऱ्याची शेवटची पूजा केली, नारळ ठेवला आणि हात जोडून बाजूला झाली. संध्याकाळपर्यंत दार नव्हतं, चौकट नव्हती, उंबरा नव्हता. घराच्या तोंडाशी नुसतं मोठं भगदाड होतं. जेन्सनला रूळ मिळायला उशीर झाला म्हणून ते बरेच दिवस तसंच राहिलं. रात्री ताडपत्री बांधायची, सकाळी सोडायची.

ते दिवस मी विसरणार नाही. आमची ओटी कायम अंधारी असायची. आता सकाळी ताडपत्री सोडली की सगळी वाडी आत यायची. केळीच्या पानांतून आलेला हिरवा उजेड थेट देवघराच्या भिंतीवर हलायचा. चिमण्या आत यायच्या. एकदा एक मुंगूस ओटीच्या मधोमध येऊन मागच्या पायांवर उभं राहिलं, आम्हा सगळ्यांना नीट पाहून घेतलं आणि घाई न करता निघून गेलं. सोनचाफा फुललाय हे आम्हाला वासाने कळायचं, त्याआधी कधी तो वास ओटीपर्यंत आला नव्हता. वहिनी त्या भगदाडासमोर खुर्ची लावून बसायची, भाजी तिथेच चिरायची. दादा एकदा म्हणाला, एवढ्या वर्षांत आपण घर बांधून नक्की काय काय बाहेर ठेवलं होतं कुणास ठाऊक. तो फारसा बोलणारा माणूस नाही, म्हणून लक्षात राहिलं.

मग दार लागलं. चांगलं रुंद, माझे दोन्ही हात पसरले तरी कडेला पोचत नाहीत असं. त्याच्यासमोर ओटा फोडून दादाने लांबलचक उतार केला होता, चाफ्याला वळसा घालून अंगणात जाणारा. पहिल्यांदा वहिनीनेच उघडायचं हे न सांगता ठरलेलं होतं. तिने हात लावला आणि दार निघालं, कामणसारखीच हलकी घरघर करत. फरशी आणि अंगण यांच्यात आता काहीच नव्हतं. जेन्सनने कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली. आईने जिथे उंबरा होता तिथे फरशीवरच बोटभर रांगोळी ओढली, अगदी सपाट, आणि म्हणाली की चाकाखाली गेली तरी चालेल.

पण वहिनी बाहेर गेली नाही.

त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही. ती दार उघडायची, दारात बसायची, बंद करायची. आम्ही वाट बघत होतो. दादा उगीचच अंगणात कामं काढायचा. मी एकदा चल म्हटलं, तर नंतर जाऊ म्हणाली. मला वाईट वाटलं. थोडा रागही आला. आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या हातांनी बाहेर गेलेल्या माणसाला आधी ते रिकामं दार नीट बघून घ्यावंसं वाटत असेल.

मार्गशीर्षातली एक सकाळ. मी घरी चहा टाकत होते आणि दादाचा फोन आला. त्याला धाप लागली होती. तो उठला तेव्हा वहिनी अंथरुणात नव्हती, खुर्ची नव्हती, दार सताड उघडं होतं. तो सगळ्यात आधी बावखलाकडे धावला होता. तिथे ती नव्हती. केळीत नव्हती, मागच्या पडवीत नव्हती. फोन तिने घरीच ठेवला होता.

मी स्कूटर काढली. नंदाखालच्या चर्चकडून सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटून लोक परतत होते. रस्ता माणसांनी भरलेला, लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, सायकली, पाववाला. चर्चच्या अलीकडे मार्गारेटचं घर आहे, शाळेतून निवृत्त झालेली आमची ओळखीची बाई. तिच्या फाटकाशी, रस्त्याच्या अगदी कडेला, वहिनी बसली होती. केस विस्कटलेले, चाकांना चिखल. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती. काही जण थांबून बोलत होते, काही नुसते मान हलवत होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पहिल्या दुपारी बावखलाच्या पायरीवर बसलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

मला पाहून ती म्हणाली, "तू इतक्या सकाळी इकडे कुठे?"

मी दादाला फोन केला. तो अनवाणीच धावत आला आणि थोड्या अंतरावर थांबला. तो रागावेल किंवा रडेल असं मला वाटलं होतं. तो नुसता बघत राहिला. तिनेच हाक मारून सांगितलं, "अहो, मार्गारेटबाई चहा टाकतायत. तुम्ही व्हा पुढे, मी येते."

दादा गेला. नंतर त्याने मला सांगितलं, की तो सगळा रस्ता त्याला एकच गोष्ट आठवत होती. ती टेम्पो घेऊन जायची तेव्हा तो ओट्यावर बसून तिची वाट बघायचा. बायको बाहेरून घरी यायची असते हे तो पार विसरून गेला होता.

मी त्याच्या मागोमाग घरी आले. आई उघड्या दारात पाट घेऊन बसली होती. दादा तिच्या शेजारी फरशीवर टेकला. ऊन अंगणात उतरलं, चाफ्याच्या सावलीतून सरकत उतारावर आलं. बऱ्याच वेळाने फाटक वाजलं आणि वहिनी आत आली. पदर खोचलेला, घामाने चेहरा चमकत होता. ती उताराला लागली, वळणापर्यंत आली आणि तिथे थांबली. तिचे दंड थरथरत होते. चाकं किंचित मागे आली.

दादा उठायला लागला. आईने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

वहिनीने श्वास घेतला, हात पुन्हा चाकांवर ठेवले आणि वर यायला लागली.